वाढलेला महाप्रसाद

माझ्या घरमालकांच्या घरात कधी काही संपलं नाही. चहा, साखर, गॅस, मोबाइलचा रिचार्ज, टूथपेस्ट, काकूंचा संयम, सगळं फक्त 'वाढायचं'.

शब्द मला नवा नव्हता. आमच्या सोलापूरलाही बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ वाढवतात, संध्याकाळी दुकान वाढवतात. पण तेवढ्यापुरतंच. इंदिरानगरातल्या त्या घराची वरची खोली भाड्याने बघायला गेले, तेव्हा काका जिन्यात स्टुलावर उभे राहून बल्ब बदलत होते. मला बघून म्हणाले, "सांभाळून ये गं, पुढची पायरी वाढली आहे." मला वाटलं, पायरी जरा उंच असेल. म्हणून मी पाय चांगला उचलून टाकला, तर तिथे पायरीच नव्हती. काकूंनी गुडघ्याला हळद लावली, चहा दिला आणि म्हणाल्या, "खोली घेणार असशील तर आधी ह्यांची भाषा शीक. नाहीतर या घरात हातपाय शाबूत राहायचे नाहीत." मी गुडघा चोळत चोळत खोली घेतली.

काका सिन्नरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि कानावर पेन्सिल असायचीच. लग्नाकार्यालाही तसेच जायचे. काकूंचं माहेर पंचवटीतलं. त्यांचे वडील गंगेवर यात्रेकरूंची पूजा सांगायचे, त्यामुळे काकू लहानपणापासून पोथ्यांमध्ये वाढल्या. इथे 'वाढल्या' माझ्या भाषेतलं. आणि गंमत अशी, की भिक्षुकाच्या घरातल्या काकूंचा पोथीवर फारसा विश्वास नव्हता आणि स्पॅनर हातात घेऊन जन्म काढलेल्या काकांचा मात्र ठाम. "माझ्या वडिलांनी आयुष्यभर पोथी वाचली," काकू म्हणायच्या, "आवाज सुंदर झाला. बाकी आमचं छप्पर गळायचं ते गळतच राहिलं."

त्याच माहेरून आलेली लाल फडक्यातली पोथी काका रोज सकाळी वाचत. कोणती पोथी, ते मी सांगत नाही. ज्याच्या घरी जी आहे त्याने ती समजावी. ते वाचायचे मात्र मशीनचं मॅन्युअल वाचावं तसे. "पोथी काय पूजा करायला लिहिली आहे होय?" मला विचारायचे. "मिक्सरबरोबर पुस्तक येतं, त्याला तू हळदकुंकू वाहतेस का? उघडून बघतेस, की गरगर आवाज येतोय, आता काय करू. तसंच हे. माणूस कसा चालवायचा, त्याचं पुस्तक."

सुट्या पानांची पोथी वाऱ्याने उडते म्हणून एकदा त्यांनी ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन चक्क स्पायरल बाइंडिंग करून आणली. वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि बाजूने रंगीत चिठ्ठ्या: 'भूक', 'राग', 'सोबत', 'गळती', 'भरभराट'. वडिलांची पोथी कॉलेजच्या प्रोजेक्टसारखी होऊन आलेली बघून काकूंनी अबोला धरला. काका त्यांच्यासमोर पोथी घेऊन बसले, 'राग'ची चिठ्ठी उघडली आणि तो अध्याय मोठ्याने वाचू लागले. काकू मध्येच फिसकन हसल्या आणि अबोला वाढला. हे काकांच्या भाषेतलं.

काकांचा सिद्धान्त सोपा होता. टाकी भरलेली असेल तर नळाला धार येते. टाकी माणसाच्या आत असते. ती विश्वासाने भरते आणि तोंडाने गळते. तोंडातून 'संपलं' गेलं की एक बादली गेली, 'नाही' गेलं की दुसरी. म्हणून हे दोन शब्द त्यांनी सोडले होते. आमच्या ऑफिसात माझं प्रमोशन हुकलं तेव्हा मी रडत खाली गेले, तर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "प्रेशर चांगलं आहे तुझं. कुठेतरी व्हॉल्व्ह अडकलाय." मग 'गळती'चा अध्याय काढून मला वाचायला लावला. प्रमोशन काही झालं नाही. पण रडता रडता मला जे हसू फुटलं, ते अजून आठवलं की फुटतं.

'संपलं'ला त्यांच्याकडे 'वाढलं' होतं. 'नाही'ला त्यांनी शोधून काढलं होतं 'येणार आहे'. चष्मा सापडला का? येणार आहे. घरात लिंबू आहे का? येणार आहे. एकदा कुरिअरवाला आधीच्या भाडेकरूचं पाकीट घेऊन आला. "ते इथे राहतात का?" काका म्हणाले, "येणार आहेत." बिचारा अंगणातल्या झोपाळ्यावर बसून राहिला. काकांनी त्याला पोहे दिले, चहा दिला, 'भरभराट'चा अर्धा अध्याय ऐकवला. शेवटी काकू बाजारातून आल्या आणि त्यांनी सांगितलं, की ते गृहस्थ केव्हाच खोली सोडून गेलेत. "मग येणार आहेत म्हणालात ते?" कुरिअरवाल्याने विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "तू आलास ना?"

पण सगळ्यात कहर झाला दवाखान्यात. नव्या डॉक्टरांनी काकांना विचारलं, "डायबेटिस आहे का?"

"येणार आहे," काका म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ब्लडप्रेशर?"

"येणार आहे."

"हार्टचा काही त्रास?"

"अहो, नाही म्हणा!" काकू किंचाळल्या. "येणार काय येणार! बोलावणं धाडताय का त्याला?" डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. सगळ्या उत्तम आल्या. घरी येताना रिक्षात काका म्हणाले, "बघ, टाकी भरलेली आहे." काकू म्हणाल्या, "मी उतरते इथेच."

गल्लीनेही हळूहळू ही भाषा उचलली. आधी चेष्टेत, मग सवयीने. काकांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमचा गॅस वाढला' असं लिहिलं तेव्हा पहिल्यांदा बायकांनी महागाईवर तावातावाने चर्चा केली होती. नंतर कुणी फसेना. पोरं म्हणायची, 'आमची बॅट वाढली.' समोरच्या बिल्डिंगमधला एक जण शाळेत बाईंना 'माझी पट्टी वाढली' म्हणाला आणि बाईंनी त्याला मोजायला लावली. कोपऱ्यावर टेम्पो लावून भाजी विकणाऱ्या मावशी होत्या, मखमलाबादकडच्या मळ्यातल्या. त्याही दुपारी हाळी द्यायच्या, "काकाऽ, मेथी वाढली बरं का! आता कोथिंबीरच हाय!"

माझं वजन वाढलं, ते मात्र खरोखरच. कारण काकूंच्या स्वयंपाकघरात रोज दोन माणसं जेवायची आणि स्वयंपाक व्हायचा बऱ्याच जणांचा. काकांचा तसा नियमच होता. पोथीत म्हणे दर अध्यायात कुणीतरी दारात येतं. देव येतो, चोर येतो, वाट चुकलेला राजा येतो, पण येतं. आणि घरात तेव्हा काहीतरी शिजलेलं असतं. "आधी मनात पान मांडायचं," ते म्हणत, "मग माणूस येतो. माणूस आल्यावर तांदूळ निवडायला बसलं तर त्याला विश्वास म्हणत असतील का?" त्यामुळे रोज 'येणाऱ्यांचं' शिजायचं. येणारी बहुतेक वेळा मीच असायचे. मी काकूंना म्हटलं, "काकू, माझं वजन फार वाढलं हो." त्या म्हणाल्या, "ह्यांच्या भाषेत का माझ्या?"

त्या वर्षी काकूंचे गुडघे फारच धरले. ओट्याशी उभं राहवेना. एकदा दुपारी त्यांच्याबरोबर मेथी निवडत असताना मी विचारलं, की दोघांपुरतंच का नाही करत. काकूंनी आधी आतल्या खोलीकडे बघितलं.

"हळू बोल. तो शब्द त्यांना सोसत नाही." मग काड्या एका बाजूला करत म्हणाल्या, "लग्नानंतर आम्ही खूप दवाखाने केले. काही झालं नाही. एकदा शेवटचं उत्तर मिळालं आणि त्या संध्याकाळी मी कणीक भिजवायला बसले. तोंडातून निघून गेलं, की आता काय, दोघांपुरतं. हे उठले आणि चपला घालून बाहेर गेले. मी घाबरले. तर परत आले ते हा कुकर घेऊन."

त्यांनी कोपऱ्यातल्या कुकरकडे बोट दाखवलं. तो केवढा मोठा होता! मी रोज बघत होते, पण असा कधी बघितला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी माळ्यावरून माझ्या वडिलांची पोथी काढली. तेव्हापासून हे सुरू. मीही चालवून घेतलं. आवडायचंच गं मला. पण आता पाय साथ देत नाहीत, आणि येतंय कोण? उरतं. रोज उरतं. उरलेलं बघून मला जास्त वाईट वाटतं."

मी मेथी निवडत राहिले.

थंडीत काकांचं पारायण असायचं. समाप्तीला गल्लीला महाप्रसाद. त्या खेपेला काकूंनी आधीच सांगून टाकलं, "हे शेवटचं. त्या दिवशी अन्न उरलं, तर दुसऱ्या दिवसापासून दोघांपुरतं. आणि पोथी माळ्यावर. कबूल?" काकांनी कानावरची पेन्सिल चाचपली. 'नाही' म्हणायची तर सोयच नव्हती. "कबूल," ते म्हणाले. आणि आचाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त स्वयंपाक सांगून आले.

समाप्तीचा रविवार उजाडला. अंगणात मांडव, मसालेभाताचा वास पार हायवेपर्यंत गेलेला. बटाट्याची भाजी, मठ्ठा, आणि कढईसमोर बसून आचारी जिलेब्या सोडत होता. काकांनी गल्लीला सांगून ठेवलं होतं, की आरती झाली, पानं मांडली की ग्रुपवर कळवतो, लगेच यायचं, ताटकळायचं काम ठेवत नाही मी कुणाला. (बघा, हे वाक्य मी लिहिलं ते माझ्या भाषेत. ते म्हणाले होते, "ताटकळणं बंद!") आरती झाली. आम्ही पत्रावळी मांडल्या, प्रत्येकीवर मीठ, लिंबू, भात, भाजी वाढून ठेवली. काकांनी मोबाइल काढला, एका बोटाने निरोप लिहिला, मोबाइल देवघरात चार्जिंगला लावला आणि फाटकाशी हात जोडून उभे राहिले.

कुणी आलं नाही.

भाताची वाफ गेली. काका म्हणाले, "येणार आहेत." मठ्ठ्यावर कोथिंबीर तरंगत राहिली. "येणार आहेत." आचाऱ्याने गॅस बारीक केला. काकू पायरीवर गुडघे धरून बसल्या होत्या. पैज त्या जिंकत होत्या, आणि त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

शेवटी फाटक वाजलं. काका धावले. भाजीवाल्या मावशी होत्या.

"या मावशी, बसा पानावर!"

"बसू कुठं आता? मी आपली भाजीचे क्रेट न्यायला आले. लय लवकर वाढला म्हन की औंदा प्रसाद! समदी गल्ली तेच बोलू राह्यली." मावशी मांडवात शिरल्या आणि भरलेली पातेली बघून जागीच थांबल्या. "आँ? काका, हे काय हाय?"

मी पळत जाऊन देवघरातला मोबाइल आणला. काकांनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली होती: 'महाप्रसाद वाढला आहे.' खाली गल्लीची उत्तरं. 'वा काका, इतक्या लवकर वाढला! अभिनंदन.' 'अरेरे, आम्ही आवरतच होतो.' 'हरकत नाही, पुढच्या वर्षी नक्की.' आणि जोडलेले हात, खाली खालीपर्यंत नुसते जोडलेले हात.

मला हसावं की रडावं ते कळेना. अख्ख्या महाराष्ट्रात ती ओळ वाचून माणसं जेवायला धावली असती. फक्त आमच्या गल्लीत नाही, कारण आमच्या गल्लीला काकांनी स्वतः शिकवलं होतं.

"मी लिहिते ना नीट," मी मोबाइल घेतला.

"ठेव तो," काकू म्हणाल्या. आवाजात जरब होती. "तू नाही लिहायचंस. त्यांनी सांगायचं. त्यांच्या तोंडाने."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग गणेशोत्सवातला गल्लीचा भोंगा आमच्याच जिन्याखाली असायचा, तो उचलला आणि गच्चीवर गेले. मी त्यांच्या मागोमाग.

"मंडळी!" भोंगा कर्कश ओरडला. बाल्कन्यांमध्ये डोकी आली. "मंडळी, प्रसाद भरपूर वाढला आहे!"

"हो काका, वाचलं!" समोरून एक जण म्हणाला. "हरकत नाही!"

"अहो, पूर्ण वाढला आहे! सगळा! भात, भाजी, जिलेबी, सगळं वाढलं आहे! या जेवायला!"

"कळलं काका! पुढच्या वर्षी नक्की येऊ! वाईट वाटून घेऊ नका!"

"अहो, पातेल्यांतून वाढलं आहे!"

"पातेली पण वाढली?" पलीकडच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "भाजलं नाही ना कुणाला? आमचं मोठं पातेलं पाठवू का?"

मी कठड्याला धरून खाली बसले. हसून हसून माझ्या पोटात कळ आली होती. पण वर बघितलं तर काका हसत नव्हते. भोंगा खाली करून ते अंगणाकडे बघत होते. खाली मांडलेली पानं, त्यांवर निवत चाललेला भात, आणि मधोमध एकट्या काकू, वर मान करून उभ्या.

"बोला," काकू खालून म्हणाल्या. चिडून नाही, अगदी हळू. "दोनच शब्द आहेत. मी बोलले होते ना त्या संध्याकाळी, कणीक भिजवताना, तसं. काही होत नाही. मी आहे इथे."

भोंगा तोंडाशी गेला, परत आला. इतकी वर्षं ज्या दोन शब्दांना या माणसाने दाराबाहेर ठेवलं होतं, ते आता एकदम आत घ्यायचे होते.

"संप..." भोंग्याने शिट्टी मारली. "संपलेलं..."

पोरांनी खेळ थांबवला. काकांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकलाच नव्हता.

"संपलेलं नाही!" काका ओरडले. मग एक श्वास घेतला आणि दुप्पट जोराने, "संपलेलं नाऽही! काऽहीच संपलेलं नाही! या रे सगळे!"

आणि मग टाळ्या, शिट्ट्या, दारं आपटल्याचे आवाज, जिन्यावरून धडधडणारे पाय. वहिनी खरोखरच पातेलं घेऊन आल्या. जेवलेले पुन्हा जेवायला आले, हॉटेलात निघालेले गाडी वळवून आले. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन आला, स्टँडवरचे रिक्षावाले आले, मावशींनी फोन करून मळ्यावरची घरची माणसं बोलावली. आल्या आल्या जो तो काकांना म्हणत होता, "संपलेलं नाही ना?" आणि काका दर वेळी, "नाही! नाही!" म्हणत पानात जिलेबी टाकत होते. शब्द नवीन मिळाल्यासारखे वापरत होते. मला वाढताना विचारलं, "भात?" मी म्हटलं, "नको काका." तर म्हणाले, "नाही कशी म्हणतेस, नाही!" आणि वाढला.

पंगतीवर पंगती उठल्या. उन्हं कलली तेव्हा फाटकाशी तो कुरिअरवाला दिसला. रविवारी त्याला कुणी बोलावलं, देव जाणे. त्याच रस्त्याने चालला होता, म्हणाला, वास आला. काकूंनी सगळ्यात मोठं पातेलं आडवं केलं, हात पार आत घालून खरवडलं. एका माणसाचं पान नीट भरलं. मग त्यांनी पातेलं उलटं करून जमिनीवर ठेवलं, पदराने कपाळ पुसलं आणि काकांना हाक मारली.

"अहो, वाढलं हो."

काका जिलेबीची परात धुवायला नेत होते, ते थबकले. त्यांच्या अर्थाने हा शब्द काकूंच्या तोंडून त्या घरात कधी निघाला नव्हता.

"काय म्हणालीस?"

"कानात काय बोळे घातलेत का? वाढलं म्हटलं. सगळं." आणि काकू दुसरीकडे बघायला लागल्या, पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलंच. परात काकांच्या हातातून निसटली आणि ठणठणत अंगणभर फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच होते. खालून पोथीचा आवाज येत होता, म्हणजे ती माळ्यावर गेलेली नव्हती. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग काकूंचा.

"अहो, कणीक किती जणांची भिजवू?"

पोथी थांबली.

"येणार आहेत," काका म्हणाले.

पिठाच्या डब्यात वाटी पुन्हा एकदा खरखरली. आदल्या दिवशी घशापर्यंत जेवले होते, भूक म्हणाल तर अजिबात नव्हती. तरी मी पांघरूण फेकलं आणि जिन्यातून ओरडले, "काकू, मी आलेच!"